दुपारी तीनची कातरवेळ: स्वीडनच्या पहिल्या हिवाळ्यात डोळ्यांना आणि मनाला उजेड कसा पुरवावा

स्टॉकहोममध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सकाळी पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. म्हणजे दिवस अवघा ६ तासांचा. पुण्या-साताऱ्याकडचा वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांच्या जवळपास असतो. शिवाय इथे त्या ६ तासांतही सूर्य डोक्यावर येत नाही. भर मध्यान्हीला तो क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर असतो, तर आपल्याकडे त्याच दिवशी तो ४८ अंशांपर्यंत चढलेला असतो. आपल्या भाषेत कातरवेळ हा शब्द आहे. दिवस मावळताना मनाला जी हुरहुर लागते तिच्यासकट तो त्या वेळेचे नाव सांगतो. इथल्या हिवाळ्यात ही कातरवेळ दुपारी जेवण उरकून भांडी आवरेपर्यंत दारात येऊन उभी राहते आणि मग रात्री झोपेपर्यंत हलत नाही.

मी साताऱ्याहून स्टॉकहोमला आले त्याला सहा हिवाळे झाले. पहिल्या हिवाळ्यात मला काय होते आहे हेच मला कळले नाही. नोकरी नवी, भाषा नवी, माणसे दूर, त्यामुळे मन लागत नसणार असे मी धरून चालले आणि मार्चपर्यंत तशीच ओढत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात नोकरीत रुळले होते, मैत्रिणी झाल्या होत्या, तरीही नोव्हेंबरात मनावर तेच मळभ आले, तेव्हा कारण वेगळे असल्याचे लक्षात आले. पुढे जे शिकले आणि करून पाहिले ते इथे क्रमाने लिहिते आहे. स्वीडन, फिनलंड, नॉर्वे, स्कॉटलंड किंवा कॅनडाचा उत्तर भाग अशा कुठल्याही ठिकाणी नव्याने आलेल्यांना याचा उपयोग होईल. फक्त दवाखान्याविषयीचे तपशील स्वीडनचे आहेत.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- पेर्सोनन्युमेर, म्हणजे इथला व्यक्तिक्रमांक, आणि तुमच्या भागातील वोर्डसेंट्राल या प्राथमिक दवाखान्यात केलेली नोंदणी. क्रमांक अजून मिळालेला नसेल तर निवासपरवान्याचे कार्ड जवळ ठेवा.
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. भारतातून आणलेली, आयुर्वेदिक आणि त्वचेसाठीची औषधेही त्यात लिहा.
- गेल्या वर्षभरातले रक्ततपासणीचे आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद.
- मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचे माप, मोजणारे एखादे फुकट ॲप.
- एक वही आणि साधी मोजपट्टी.
- प्रकाशोपचाराचा दिवा. हा मात्र आत्ताच घेऊ नका. पायरी ४ वाचून घ्या.

१. हा थकवा कसला आहे ते आधी ओळखा

हिवाळ्यात थोडे मंदावणे सर्वांच्याच वाट्याला येते, इथे जन्मलेल्यांच्याही. ऋतुनिगडित नैराश्य ही त्याहून निराळी, नाव आणि लक्षणे ठरलेली अवस्था आहे. तिचे वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नीट मांडले. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला गेलेले होते आणि तिथल्या हिवाळ्यात आपली कामाची उमेद ओसरते हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले होते. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसालाच हा फरक चटकन जाणवावा हे मला स्वाभाविक वाटते.

नेहमीच्या नैराश्यात अनेकांची झोप उडते आणि भूक मरते. हिवाळी नैराश्यात बहुतेकदा उलटे होते. झोप वाढते तरी ताजेतवाने वाटत नाही, गोड आणि पिठूळ खावेसे वाटते, वजन चढते, माणसांत जाणे नकोसे होते आणि साधी कामेही डोंगराएवढी वाटतात. ही लक्षणे ठराविक महिन्यांत सुरू होऊन वसंतात आपोआप ओसरत असतील आणि सलग दोन वर्षे तसे झाले असेल, तर शंकेला आधार आहे. पहिलाच हिवाळा असेल तर निदानाची घाई करू नका, पण पुढच्या पायऱ्या अवश्य सुरू करा, कारण त्यांतल्या बहुतेक कोणालाही करता येण्याजोग्या आहेत.

इथे पहिला सापळा आहे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत हमखास आढळणारी ब-१२ ची कमतरता यांचा थकवा हुबेहूब असाच वाटतो. म्हणून आरोग्यसल्ल्यासाठीच्या ११७७ या क्रमांकावर किंवा त्याच नावाच्या संकेतस्थळावरून वोर्डसेंट्रालची वेळ घ्या आणि या चारही गोष्टींची तपासणी करण्याविषयी विचारा. ‘मी शाकाहारी आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. इथल्या डॉक्टरांच्या ते आपसूक ध्यानात येईलच असे नाही.

जगणे नकोसे होत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दिवा, वही, वेळापत्रक सारे बाजूला ठेवा आणि लगेच ११२ ला फोन करा किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी एकटे राहू नका, घरातल्या कोणाला तरी सांगा.

२. उजेडाच्या बाबतीत डोळ्यावर विसंबू नका, मोजा

पहिल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगते. मी रोज दुपारी पावणेतीनच्या सुमारास आईला व्हिडिओ कॉल करायची. साताऱ्यात तेव्हा सव्वासात वाजलेले असत, देवापाशी दिवा लागलेला असे. आई रोज पहिले वाक्य तेच म्हणायची, ‘अगं, काळोखात काय बसलीस? दिवा तरी लाव.’ आणि मी रोज सांगायची, ‘आई, लख्ख उजेड आहे, दोन दिवे लावलेत.’ मला ते खरेच वाटत होते. पुढे कधीतरी मी त्याच खुर्चीत बसून फोनवरच्या मीटरने मोजले, तर माझ्या डोळ्यांपाशी ६० ते ७० लक्स इतकाच उजेड भरला. खोली आईला जशी दिसत होती तशीच होती. माझे डोळे तिला सरावले होते.

लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. उघड्या आकाशाखाली भर उन्हात ते १ लाखाच्या घरात जाते. दाट ढगांच्या हिवाळी दुपारी इथे बाहेर ते १ हजार ते काही हजार असते. घरात संध्याकाळी ते ५० ते २०० असते. कार्यालयातल्या टेबलावर ५०० लक्स असावेत असा युरोपातला प्रघात आहे, पण तो टेबलाच्या पृष्ठभागासाठी. समोर पाहणाऱ्या डोळ्यांपर्यंत त्याहून कमीच पोहोचतो. म्हणजे उन्हातले अंगण आणि आपली बैठकीची खोली यांत हजारपटीचा फरक असू शकतो. तो आपल्याला हजारपट वाटत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टिपटल आपली संवेदनशीलता त्या त्या उजेडानुसार बदलून घेते. पाहण्यासाठी ही मोठीच सोय आहे. तिच्यामुळे आपण मंद खोलीतही वाचू शकतो आणि उन्हातही. परंतु आपल्याला पुरेसा उजेड मिळतो आहे की नाही हे ठरवायला ही जाणीव कामाची नाही.

मनाला लागणाऱ्या उजेडाचा हिशेब डोळ्यातली वेगळीच यंत्रणा ठेवते. दृष्टिपटलातल्या दंडपेशी आणि शंकुपेशी आपल्याला आकार, रंग आणि हालचाल दाखवतात हे शाळेत शिकलेले असते. परंतु १९९८ मध्ये मेलॅनॉप्सिन या द्रव्याचा शोध लागला आणि २००२ मध्ये हे द्रव्य बाळगणाऱ्या काही चेतापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे सिद्ध झाले. या पेशींचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नाही. सभोवार एकूण उजेड किती आहे याची वर्दी त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या जैविक घड्याळाला देतात, आणि मनःस्थितीशी संबंध असलेल्या भागांकडेही त्यांचे धागे जातात. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. सकाळी त्यांना भरपूर उजेड मिळाला तर शरीराला दिवस उजाडल्याची खूण पटते आणि मेलाटोनिन हे रात्रीचे, झोपेशी निगडित संप्रेरक वेळेवर ओसरते. ती खूण मिळाली नाही तर घड्याळ मागे सरकत जाते आणि माणूस सकाळी दहालाही आतून पहाटेच्या चार वाजताच्या अवस्थेत असतो.

म्हणून एक दिवस ठरवून मोजमाप घ्या. फोन डोळ्यांच्या उंचीवर, तुम्ही जिकडे पाहता त्या दिशेला तोंड करून धरा. टेबलावर सपाट ठेवून मोजू नका. सकाळी चहा घेता ती जागा, कामाची खुर्ची, खिडकीपासून अर्ध्या मीटरवरची जागा आणि दुपारी १२ वाजता बाहेरचा रस्ता, अशा चार जागा वहीत लिहा. फोनचे मीटर अचूक नसते, पण ६० आणि ३,००० यांतला फरक ते नक्की दाखवते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

३. दिवा घेण्यापूर्वी डोळे आणि औषधे तपासून घ्या

प्रकाशोपचार बहुतेकांना सुरक्षित असतो. तरीही पुढीलपैकी काही लागू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने दृष्टिपटलाचा विकार झालेला असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा होकार हवा. मधुमेह आपल्या घराघरांत आहे, त्यामुळे ही अट कोरडी औपचारिकता समजू नका. काही औषधे शरीराला प्रकाशाबाबत हळवे करतात: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन. इथे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी योहानेसउर्ट ही वनस्पती उदास मनासाठी म्हणून अनेक जण आपल्या मनाने घेतात. तीही याच यादीत येते, शिवाय ती गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा परिणाम कमी करते, म्हणून ती स्वतःच्या जबाबदारीवर घेऊ नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे द्विध्रुवी विकार. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला कधी अतिउत्साहाचे, झोपेची गरजच न वाटण्याचे झटके आले असतील, तर तीव्र प्रकाशाने तशी अवस्था उसळू शकते. आपल्याकडे घरातल्या माणसाच्या अशा आजाराविषयी उघड बोलत नाहीत; ‘काका मध्ये काही वर्षे जरा विचित्रच वागत होते’ एवढेच कानावर आलेले असते. तेवढेही डॉक्टरांना सांगा.

४. दिवा निवडताना अंतर वाचा

बहुतेक अभ्यासांत वापरली गेलेली मात्रा १०,००० लक्स, रोज सकाळी ३० मिनिटे अशी आहे. सुरुवातीच्या काळात २,५०० लक्सचे दिवे दोन तास वापरत असत. म्हणजे उजेड कमी असेल तर वेळ वाढवावा लागतो.

दुसरा सापळा इथे आहे आणि मी त्यात पुरती सापडले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १०,००० लक्स लिहिलेला, पुस्तकाएवढा सुबक दिवा मी घेतला, तीन आठवडे नेमाने वापरला आणि काही फरक पडला नाही. मग माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर वाचले की तो आकडा दिव्यापासून १५ सेंटिमीटर अंतरावरचा आहे. मी बसत होते ५० सेंटिमीटरवर. तिथे मोजले तर १,५०० लक्ससुद्धा भरले नाहीत. अंतर वाढले की उजेड झपाट्याने घटतो. लहान दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट केले की उजेड साधारण चौथाईवर येतो. १५ सेंटिमीटरवर नाक ठेवून अर्धा तास कोणी बसू शकत नाही, हे विक्रेत्यालाही ठाऊक असायला हवे.

म्हणून विकत घेताना इतके पाहा. १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात हे स्पष्ट लिहिलेले असावे आणि ते अंतर ३० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असावे. प्रकाशाचा पृष्ठभाग मोठा, निदान वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा असावा, म्हणजे डोके थोडे हलले तरी मात्रा टिकते. अतिनील किरण गाळलेले असावेत. प्रकाश पांढरा असला की पुरे. मुद्दाम गडद निळा दिवा घेण्याची गरज नाही, तो डोळ्यांना खुपतो. आणि हा दिवा ड जीवनसत्त्व देत नाही. ते त्वचेवर पडणाऱ्या अतिनील किरणांनी तयार होते, तर हा उपचार डोळ्यांतून होतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेला उत्तरेकडे ड जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव जास्त असतो, तेव्हा त्याच्या गोळ्यांचा विषय डॉक्टरांकडे वेगळा काढा.

५. दिवा कुठे ठेवावा, केव्हा लावावा

उठल्यापासून तासाभरात, शक्यतो रोज एकाच वेळी. रविवारीही तीच वेळ पाळा. मला हे सर्वांत जड गेले आणि सर्वांत उपयोगी पडले. दिवा समोर पण किंचित बाजूला, डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर ठेवा, कारण आकाश वर असते आणि वरून येणारा उजेड दृष्टिपटलाच्या ज्या खालच्या भागावर पडतो तो या कामी अधिक उपयोगी मानला जातो. दिव्याकडे टक लावून पाहायचे नाही. डोळे उघडे ठेवून चहा घ्या, पोहे खा, बातम्या वाचा, भाजी चिरा. पाठ करून बसलात किंवा डोळे मिटून जप केलात तर मात्रा मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका काकांनी महिनाभर दिव्यासमोर डोळे मिटून प्राणायाम केला आणि दिवा निरुपयोगी आहे म्हणून ठेवून दिला.

साधा नंबरचा चष्मा चालतो. उन्हात काळा होणारा किंवा निळा प्रकाश अडवणारा चष्मा त्या अर्ध्या तासापुरता काढा. पहिले तीन-चार दिवस १५ मिनिटांनीच सुरुवात करा. डोके जड होणे, डोळ्यांवर ताण, मळमळ किंवा चिडचिड जाणवली तर दिवा थोडा लांब सरकवा किंवा वेळ घटवा. बहुतेकदा ते काही दिवसांत जाते.

संध्याकाळी हा दिवा लावू नका. कामावरून थकून आल्यावर लावण्याचा मोह होतो आणि तासभर तरतरीही वाटते, पण घड्याळ आणखी मागे जाते आणि झोप रात्री एकपर्यंत येत नाही. याउलट, दिवा सुरू केल्यावर तुम्हाला पहाटे चारलाच जाग यायला लागली, तर तो जरा उशिरा लावा.

६. दुपारी बारा वाजता बाहेर पडा, ढग असले तरी

दिव्याने सकाळ सांभाळली तरी दिवसाचा उजेड बुडवू नका. वहीतला रस्त्यावरचा आकडा पाहिला की पटते: ज्या दिवसाला आपण अंधारा म्हणतो त्या दिवशीही बाहेर, खोलीच्या वीस-तीस पट उजेड असतो. जेवणाच्या सुट्टीतली २० मिनिटे यासाठी राखून ठेवा आणि ती कार्यालयाच्या दिनदर्शिकेत बैठकीसारखी नोंदवा. इथे कोणालाही त्यात गैर वाटत नाही. शेजारच्या स्वीडिश आजी तर ८१ व्या वर्षीही बारा वाजले की काठी घेऊन निघतात.

चालताना रंग पाहा, हे मी मुद्दाम सांगते. आमच्या गल्लीत रॉन नावाची झाडे आहेत. नोव्हेंबरात पाने गळतात आणि नुसते लालभडक फळांचे घोस उरतात. बारा वाजता ते घोस कुंकवासारखे पेटलेले दिसतात. तीन वाजता त्याच झाडाखाली उभे राहिले तर ते काळपट दिसतात, आणि बाजूच्या घराचा निळा दरवाजा मात्र उठून दिसतो. उजेड कमी होताना शंकुपेशी मागे पडतात, दंडपेशी काम हाती घेतात आणि लाल रंग सर्वांत आधी विझतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे नोंदवले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हिवाळ्यात घराबाहेर फक्त अंधारात पडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना आठवडेच्या आठवडे खरा लाल रंग दिसत नाही. मला स्वतःला ती उणीव फार जाणवते, म्हणून मी बाराची फेरी चुकवत नाही.

बर्फ पडला की काम सोपे होते. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो आणि डोळ्यांना खालूनही उजेड मिळतो. म्हणूनच थंडी कडक असलेल्या जानेवारीपेक्षा ओला, काळा, बिनबर्फाचा नोव्हेंबर अनेकांना जड जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात आणि एका दिवसात संध्याकाळ तासाने अलीकडे येते. तुमची तयारी त्याआधी झालेली असू द्या. दिवाळी याच सुमारास येते. घरातले दिवे, मीटर, वही यांची मांडामांड दिवाळीच्या साफसफाईतच उरकावी असे मी नव्याने आलेल्या सर्वांना सांगते.

७. संध्याकाळ मंद आणि उबदार ठेवा

सकाळी जितका उजेड वाढवायचा तितका रात्री कमी करायचा. झोपण्याआधी दोन तास छताचे पांढरे दिवे बंद करा आणि २,७०० केल्विनचे पिवळसर दिवे खालच्या उंचीवर लावा. इथल्या घरांत खिडकीशी छोटा दिवा ठेवण्याची रीत आहे. डिसेंबरात खिडक्यांतून सात मेणबत्त्यांच्या आकाराचे विजेचे दिवे आणि कागदी चांदण्या लागतात. त्याने लक्स फारसे वाढत नाहीत, पण अंधाऱ्या गल्लीतून घरी येताना प्रत्येक खिडकीत उजेडाचा ठिपका दिसतो आणि जीवाला बरे वाटते. आकाशकंदील जानेवारीपर्यंत टांगून ठेवा, शेजारी कौतुकच करतील.

८. वहीत काय लिहावे आणि मदत केव्हा मागावी

रोज चार रकाने पुरेत: झोपेची आणि उठण्याची वेळ, दिव्याची मिनिटे, बाहेरची मिनिटे आणि १ ते १० मध्ये मनाचा अंक. मी पाचवा रकाना ठेवते: आज रंग कसे दिसले. त्याला कारण आहे. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१० मध्ये नैराश्याचे ४० रुग्ण आणि ४० निरोगी माणसे यांच्या दृष्टिपटलाचे विद्युत संकेत मोजले, तेव्हा काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाला रुग्णांच्या दृष्टिपटलाचा प्रतिसाद क्षीण आढळला, आणि नैराश्य जितके तीव्र तितका तो अधिक क्षीण होता. ‘सगळे करडे दिसते’ हे उदास माणसाचे म्हणणे निव्वळ बोलण्याची तऱ्हा नसावी, असे त्यातून दिसते. वहीतल्या रकान्याने निदान होत नाही, पण माझ्यापुरता तो लवकर इशारा देतो: मनाचा अंक ६ वर असतानाच ‘रंग फिके’ असे मी दोन-तीन दिवस सलग लिहिले, की त्यानंतरचा आठवडा बहुधा खाली गेलेला असतो.

दोन आठवडे नेमाने केल्यावर वही पाहा. अंक वर सरकला असेल तर तसेच चालू ठेवा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका, कारण डिसेंबरात सोडले की काही दिवसांत पुन्हा घसरण होते. अंक हलला नसेल तर आधी पायरी ४ आणि ५ मधल्या चुका तपासा आणि तरीही काही नाही तर वोर्डसेंट्रालची वेळ घ्या. वही बरोबर न्या. तिच्यामुळे दहा मिनिटांच्या भेटीत मोडक्या स्वीडिशमध्येही तुमचे म्हणणे नीट पोहोचते. दुभाषी मागण्याचा पर्यायही असतो, तो वेळ घेतानाच सांगावा लागतो. स्वीडनमधले सगळे डॉक्टर प्रकाशोपचाराविषयी सारखेच अनुकूल नाहीत हेही लक्षात ठेवा. कोणी शंका घेतली तर वाद न घालता दुसरे पर्याय विचारा. औषधे आहेत, आणि विचार व वर्तन यांवर काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती आहे. केली रोहन यांच्या गटाने अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात प्रकाशोपचार आणि हिवाळी नैराश्यासाठी बेतलेली ही पद्धती यांची तुलना केली. त्याच हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच आला, पण दोन हिवाळ्यांनंतर वर्तनोपचार घेतलेल्यांमध्ये नैराश्य परतण्याचे प्रमाण कमी होते. दरवर्षी हिवाळा जड जाणाऱ्या माणसाने हा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा असे माझे मत आहे.

९. मार्चनंतर

मार्चच्या उत्तरार्धात दिवस १२ तासांवर येतो. तेव्हा दिव्याची मिनिटे हळूहळू कमी करा आणि एप्रिलमध्ये तो बंद करा. खोक्यात दिव्याबरोबर वहीही ठेवा, आणि ज्या तारखेला मनाचा अंक पहिल्यांदा खाली आला होता त्याच्या दोन आठवडे आधीची तारीख पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. दिवा त्या दिवशी बाहेर काढायचा.

मे महिन्यापासून अडचण उलटी होते. जूनमध्ये रात्री अकरालाही आकाशात उजेड असतो आणि मुले झोपायला तयार होत नाहीत. झोपण्याच्या खोलीला उजेड अडवणारा जाड पडदा लावा, आणि तो खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर तरी रुंद घ्या. कडेच्या फटीतून शिरणारा पहाटे साडेतीनचा उजेडही घरादाराला जागे करायला पुरेसा असतो.